सरकारी दप्तर, म्हैसूरचे ठसे आणि वाचणारे यंत्र

१९०५ साली तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने म्हैसूरच्या सरकारी प्राच्य ग्रंथालयात ताडपत्रांची एक पोथी आणून दिली. भाषा संस्कृत, लिपी ग्रंथ, आणि सोबत भट्टस्वामीच्या टीकेचा काही भाग. ग्रंथपाल रुद्रपट्टण शामशास्त्री यांनी ती वाचली, तेव्हा उमगले की इतर ग्रंथांतील उल्लेखांवरूनच ठाऊक असलेले कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ प्रत्यक्ष हाती आले आहे. १९०९ मध्ये शामशास्त्रींनी मूळ संस्कृत पाठ प्रसिद्ध केला आणि १९१५ मध्ये पूर्ण इंग्रजी भाषांतर.

राजा, हेर, कर आणि युद्ध यांसाठी हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील एक विषय मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. तो म्हणजे सरकारी कागद कसा लिहावा, कसा ठेवावा आणि कसा तपासावा. आज तोच विषय विज्ञानाच्या बातम्यांत वेगळ्या रूपाने आला आहे. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पहिल्या टप्प्यात १ लाख प्राचीन शिलालेखांचे अंकीकरण करून ‘भारत श्री’ हे सामायिक भांडार उभारण्याची घोषणा झाली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात १ कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन करण्याचे ‘ज्ञान भारतम्’ अभियान जाहीर झाले. न्यायालयांचे निकाल यंत्राने अनुवादित होऊ लागले आहेत. महाराष्ट्रात मोडी दप्तरे यंत्राकडून वाचून घेण्याचे प्रयोग चालू आहेत. सरकारी कागदांच्या विश्लेषणासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरावी की नाही, हा प्रश्न जवळपास मागे पडला आहे. तिच्या वाचनावर कशाच्या आधारे विश्वास ठेवावा, हा प्रश्न समोर आहे. त्याचे उत्तर शोधताना म्हैसूरचा इतिहास उपयोगी पडतो, कारण या कामाला लागणाऱ्या तीन गोष्टी या एकाच शहरात साठत गेल्या: हस्तलिखित, ठसा आणि शब्दसंग्रह.

अक्षपटल आणि लेखाचे दोष

‘अर्थशास्त्रा’च्या दुसऱ्या अधिकरणातील सातवा अध्याय अक्षपटलाचा, म्हणजे राज्याच्या हिशेब व अभिलेख कार्यालयाचा आहे. इमारत पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून असावी, बसण्याच्या जागा वेगवेगळ्या असाव्यात, नोंदवह्यांना स्वतंत्र स्थान असावे, असे तो सांगतो. कामकाजाचे वर्ष ३५४ अहोरात्रांचे आणि आषाढीला संपणारे. त्या वेळी हिशेबनीसांनी मोहोरबंद वह्या घेऊन राजधानीत यावे, आणि आल्यावर त्यांना एकमेकांशी बोलू देऊ नये, असाही नियम आहे. पुढच्या अध्यायात सरकारी धन लाटण्याचे ४० मार्ग मोजले आहेत. त्यांतील अनेक मार्ग वहीतून जातात: आधी घडलेले नंतर लिहिणे, नंतर घडायचे आधी लिहिणे, एकाचे दुसऱ्याच्या नावे दाखवणे.

दहावा अध्याय राजशासने लिहिण्याविषयी आहे. त्यात लेखाचे सहा गुण दिले आहेत: अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व. दोष पाच आहेत. पान काळवंडलेले, अक्षरे वेडीवाकडी किंवा पुसट असणे म्हणजे अकांति. पुढचे विधान मागच्याला छेद देणे म्हणजे व्याघात. त्यानंतर पुनरुक्ती आणि व्याकरणदृष्ट्या चुकीचा शब्द. पाचवा दोष संप्लव, म्हणजे जेथे वर्ग पाडू नये तेथे पाडणे आणि पाडावा तेथे न पाडणे.

हस्तलिखिते वाचणारी संगणकप्रणाली घडवणाऱ्या आजच्या अभियंत्याला यातील तीन दोष लगेच ओळखू येतील. पुसट अक्षर ही प्रतिमेच्या गुणवत्तेची अडचण आहे. चुकीचे वर्ग पाडणे म्हणजे ओळी, रकाने आणि शब्द कोठे तोडायचे याची चूक. पुढचे-मागचे न जुळणे म्हणजे मजकुराच्या अंतर्गत सुसंगतीची तपासणी. यावरून कौटिल्याला संगणकशास्त्र अवगत होते असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. निष्कर्ष इतकाच की कागद चुकीचा वाचला जाण्याची कारणे दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाहीत. म्हणूनच लेखक नेमताना त्याला दुसऱ्याचा लेख वाचता आला पाहिजे, ही अटही या अध्यायात आहे.

एका ग्रंथाची मोजणी

शामशास्त्रींचा पाठ मर्यादित आधारावर उभा होता. पुढे आणखी पोथ्या मिळाल्या. त्रिवेंद्रमच्या त. गणपतिशास्त्रींनी १९२४-२५ मध्ये टीकेसह आवृत्ती काढली. मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध केलेली र. पं. कंगले यांची तीन भागांतील चिकित्सक आवृत्ती आजही अभ्यासाचा पाया मानली जाते. पोथ्या एकमेकींशी ताडून, प्रत्येक पाठभेद नोंदवून ती तयार झाली. वाचकाला संपादकाचा निर्णय पटला नाही तर तळटीपेतून दुसरा पाठ निवडता येतो.

या पायावर १९७१ मध्ये एक वेगळ्या जातीचे काम झाले. अमेरिकन इतिहासकार थॉमस ट्राउटमन यांनी ‘अर्थशास्त्रा’चे कर्तृत्व संख्याशास्त्राने तपासले. मोठे, अर्थपूर्ण शब्द विषयानुसार बदलतात, म्हणून ते त्यांनी बाजूला ठेवले. ‘च’, ‘वा’, ‘एव’ यांसारखे छोटे शब्द लेखक नकळत वापरतो आणि त्यांचे प्रमाण त्याच्या सवयीवर ठरते. ज्यांचे कर्तृत्व निश्चित आहे अशा संस्कृत रचनांवर ही पद्धत आधी तपासून मग ती ‘अर्थशास्त्रा’ला लावली. दुसरे, तिसरे आणि सातवे अधिकरण एकाच हातचे असण्याची शक्यता फार कमी असून ग्रंथाला तीन किंवा चार लेखक असावेत, असा निष्कर्ष निघाला.

या कामातील दोन गोष्टी पुढे महत्त्वाच्या ठरतात. मोजणी करण्यापूर्वी पाठ माणसांनी सिद्ध केलेला होता. आणि अनोळखी मजकुरावर मोजपट्टी लावण्यापूर्वी ती ओळखीच्या मजकुरावर पारखली गेली. प्रयोगशाळेत उपकरणाचे अंशशोधन करतात, त्याच प्रकारची ही खबरदारी आहे.

दगडावरचे सरकारी कागद

म्हैसूर संस्थानात पुरातत्त्व खाते १८८५ मध्ये सुरू झाले. बी. एल. राइस यांनी १८८६ ते १९०५ या काळात ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे १२ खंड काढून सुमारे नऊ हजार शिलालेख व ताम्रपट प्रकाशित केले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पुराभिलेख कार्यालयही पुढे याच शहरात आले. त्याची मुळे १८८६ मध्ये मद्रास येथे युगेन हुल्ट्श यांच्या नेमणुकीपर्यंत जातात. मद्रासहून उटकमंड आणि तेथून १९६६ मध्ये म्हैसूर असा त्याचा प्रवास झाला.

शिलालेख हा बहुतांशी सरकारी दस्तच असतो. जमीन कोणाला दिली, कोणता कर माफ केला, सीमा कोठे, साक्षीदार कोण, हे त्यात असते. दगड हलवता येत नाही, म्हणून त्याचा ठसा घेतात. अक्षरांवरची धूळ व शेवाळ काढतात. ओला कागद दगडावर चिकटवून ब्रशने ठोकतात, म्हणजे तो कोरलेल्या खाचांत शिरतो. मग कापडी गोळ्याने वर शाई थोपटतात. उंच भाग काळा होतो, खाचेतील अक्षर पांढरे राहते. कागद वाळला की दगडाची एकास एक मापाची प्रत हाती येते. दगड नंतर झिजला, फुटला किंवा हरवला, तर तो ठसाच पुरावा म्हणून उरतो.

ठशाचे मोल केवळ जतनात नाही. बहुतेक महत्त्वाच्या ठशांसोबत प्रशिक्षित पुराभिलेखतज्ज्ञाने केलेले वाचनही आहे. एकीकडे प्रतिमा, दुसरीकडे जबाबदार माणसाने सही करून छापलेला पाठ, अशी जोडी. आज यंत्राला लिपी शिकवायची तर नेमकी अशीच जोडी लागते. पाठ छापण्याची एक जुनी शिस्तही येथे रुजलेली आहे. खात्री नसलेले अक्षर कंसात, नष्ट झालेले अक्षर टिंबांनी किंवा ठरावीक चिन्हाने दाखवायचे. वाचकाला दिसते की किती वाचले आणि किती अंदाजले.

वाचन आणि अर्थनिर्णय यांत किती अंतर असते, याचे एक उदाहरण मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचे आहे. म्हैसूरच्या उत्तरेस श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी मराठी लेख आहे. चावुंडराजाने मूर्ती करविली, एवढाच त्याचा आशय. अक्षरांबद्दल फारसा वाद नाही. परंतु दीर्घकाळ इ.स. ९८३ चा मानलेला हा लेख अक्षरवळणावरून बाराव्या शतकात न्यावा, असे मत पुढे मांडले गेले. यंत्राने ही ओळ निर्दोष वाचली तरी हा वाद मिटणार नाही.

या ठशांवरून अलीकडे खटलाही झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने म्हैसूर येथील तमिळ शिलालेखांचे ठसे चेन्नईला हलवण्याचा आदेश दिला. आपल्या भाषेचे दस्त आपल्या वाचकांच्या आवाक्यात असावेत, हा त्यामागचा आग्रह होता. जुने कागद कोणाच्या ताब्यात आणि ते कोण वाचणार, हा प्रश्न लोकांना अजूनही किती जवळचा वाटतो हे त्यातून दिसते.

शब्दांचा साठा

तिसरी गोष्ट म्हणजे भाषेचा संग्रह. १७ जुलै १९६९ रोजी म्हैसूर येथे भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले. भारतात संगणकावर मजकूर साठवून भाषेचा अभ्यास करण्याची सुरुवात महाराष्ट्रातही झाली होती. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली भारतीय इंग्रजीचा १० लाख शब्दांचा ‘कोल्हापूर कॉर्पस’ १९८८ मध्ये तयार झाला. १९९१ नंतर केंद्राच्या भाषा-तंत्रज्ञान कार्यक्रमात भारतीय भाषांचे प्रत्येकी सुमारे ३० लाख शब्दांचे संग्रह करण्याचे ठरले. दक्षिणेतील चार भाषांचे काम म्हैसूरला आले, मराठीचे पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे गेले. २००७-०८ पासून भारतीय भाषा संस्थानात भाषिक विदेचा स्वतंत्र प्रकल्प चालू आहे.

हस्तलिखित वाचताना यंत्र दोन प्रकारची माहिती जुळवते. पहिली आकाराची: हा वळणदार ठिपकेसमूह ‘क’ असण्याची शक्यता किती, ‘फ’ असण्याची किती. दुसरी भाषेची: मागेपुढे हे शब्द असताना येथे कोणता शब्द संभवतो. अक्षर स्पष्ट असेल तर पहिली माहिती पुरते. अक्षर पुसट असेल तर दुसरी माहिती वरचढ होते, आणि यंत्र आपल्या साठ्यात वारंवार आढळलेल्या शब्दाकडे झुकते. दुर्मीळ आडनाव, लुप्त झालेले गावाचे नाव, अनोळखी संक्षेप यांची जागा मग नेहमीचा शब्द घेतो. वाक्य गुळगुळीत दिसते आणि चूक त्यात लपते. माणूस अडखळला की त्याचे अडखळणे दिसते. यंत्राकडून तशी खूण मुद्दाम मागून घ्यावी लागते.

अनुवादातही हेच घडते. सर्वोच्च न्यायालयाने निकालांच्या अनुवादासाठी ‘सुवास’ ही प्रणाली २०१९ मध्ये सुरू केली. धनंजय चंद्रचूड यांनी सरन्यायाधीश असताना तिच्यातील एक गंमत सांगितली होती. ‘लीव्ह ग्रँटेड’, म्हणजे अपील करण्यास अनुमती, याचे यंत्राने हिंदीत ‘सुट्टी मिळाली’ अशा अर्थाचे रूपांतर केले होते. म्हणूनच असे अनुवाद न्यायिक अधिकाऱ्यांकडून तपासून घेतले जातात. येथे चूक हसू आणणारी होती, त्यामुळे ती सापडली.

१ कोटी ७२ लाख दस्त

मराठी समाजासाठी हा विषय सर्वांत तीव्रतेने २०२३ मध्ये समोर आला. मराठवाड्यातील मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. ऑक्टोबर २०२३ अखेरीस राज्य सरकारने सांगितले की समितीने सुमारे १ कोटी ७२ लाख दस्त तपासले आणि त्यांत ११,५३० नोंदी आढळल्या. पुढे राज्यभरच्या शोधात हा आकडा ५० लाखांपलीकडे गेल्याचे जाहीर झाले. काम माणसांनी केले, आणि मोडी व उर्दू वाचणारे किती थोडे उरले आहेत हे त्या वेळी सर्वांना कळले. आरक्षणाच्या धोरणाबद्दल कोणाचे मत काहीही असो, एका नोंदवहीतील एका शब्दावर एखाद्या कुटुंबाचे प्रमाणपत्र अवलंबून असते, ही वस्तुस्थिती राहते.

मोडी वाचणे यंत्राला सोपे नाही. ओळभर शिरोरेषा आधी ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहायची रीत. शब्दांत अंतर नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मौजे, कसबे, परगणे, मुक्काम असे शब्द पहिल्या अक्षरापुढे दोन उभ्या रेघा देऊन संपवलेले. वर्ष शुहूर सनात, तेही अरबी संख्याशब्दांत. २०२५ मध्ये आयआयटी रुडकी आणि पुण्यातील संशोधकांनी मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी प्रणाली मांडली. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडीच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा व जाणकारांनी तपासलेली त्यांची लिप्यंतरे हा तिचा पाया आहे. संख्या लहान वाटेल, पण अशी जोडी तयार करायला जाणकाराचे तास लागतात.

आता एक कल्पित हिशेब करून पाहावा. समजा, त्या १ कोटी ७२ लाख दस्तांवर यंत्र चालवले असते. सोयीसाठी एका दस्तात एकच नोंद धरू. यंत्र खऱ्या नोंदींपैकी ९५ टक्के पकडते आणि नोंद नसलेल्या हजार दस्तांपैकी एकाच दस्तात चुकून नोंद दाखवते, असे मानू. कागदावर हे यंत्र उत्कृष्ट आहे. पण मूळ प्रमाणच असे की सुमारे १,४९० दस्तांमागे एक नोंद. त्यामुळे यंत्र सुमारे १०,९५० खऱ्या आणि १७,२०० खोट्या नोंदी पुढे करील. त्याने दाखवलेल्या दर १०० पानांत फक्त ३९ खरी निघतील.

हा भाग चिंतेचा नाही. २८ हजार पाने माणसांनी तपासणे १ कोटी ७२ लाख तपासण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे, आणि तपासणीत खोट्या नोंदी गळून पडतात. यंत्राचा खरा लाभ हाच. चिंता दुसऱ्या बाजूची आहे. सुमारे ५८० खऱ्या नोंदी यंत्राने दाखवल्याच नाहीत. त्या टाकून दिलेल्या ढिगात राहिल्या. ‘अंतिम निर्णय माणूसच घेतो’ हे आश्वासन त्यांना लागू होत नाही, कारण त्या माणसापुढे आल्याच नाहीत.

त्या ढिगातून मासला काढून तपासता येईल का? ढिगात साधारण २९,७०० दस्तांमागे एक चुकलेली नोंद आहे. यदृच्छेने १० हजार दस्त काढून वाचले तरी बहुधा एकही सापडणार नाही, आणि ‘१० हजार तपासले, एकही चूक नाही’ असा अहवाल तयार होईल. तो खरा असेल, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असेल. सरासरी दहा चुका दिसायच्या तर सुमारे ३ लाख दस्त वाचावे लागतील.

येथे ट्राउटमन यांची खबरदारी उपयोगी पडते. माणसांनी आधीच शोधलेल्या नोंदी हाताशी आहेत. त्यांतील काही यंत्राला शिकवताना न दाखवता बाजूला ठेवायच्या, इतर पानांत मिसळायच्या आणि यंत्र किती पकडते ते मोजायचे. ४०० ज्ञात नोंदींपैकी ३८० सापडल्या तर क्षमता ९५ टक्के, अनिश्चितता साधारण दोन टक्के. फक्त ४० नोंदींवर परीक्षा घेतली आणि ३८ सापडल्या तरी आकडा ९५ टक्केच येईल, पण अनिश्चितता सात टक्क्यांच्या आसपास असेल. म्हणजे परीक्षेचा आकार सांगितल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही.

आणखी एक सूक्ष्म बाब आहे. माणसांना सापडलेल्या नोंदी बहुधा वाचायला सोप्या पानांवरच्या असतात. त्यामुळे त्यांवर घेतलेली परीक्षा यंत्राला झुकते माप देते. कसर लागलेल्या, पाण्याने भिजलेल्या, घाईच्या अक्षरातील वह्यांवर तेच यंत्र ७० टक्क्यांवर घसरू शकते. राज्याची सरासरी ९५ राहील आणि एखाद्या तालुक्यातील दर दहा कुटुंबांपैकी तीन वगळली जातील. त्यांच्या आजोबांच्या गावची वही ओलीत राहिली, एवढेच त्यांचे दुर्दैव. म्हणून यंत्राची क्षमता तालुका, लिपी, काळ आणि कागदाची स्थिती यांनुसार वेगवेगळी मोजून जाहीर व्हायला हवी.

निवडीचा जुना धडा

नजरेआड राहिलेल्या पानाचा प्रश्न यंत्राने जन्माला घातलेला नाही. पेशवे दफ्तर पुण्यात ब्रिटिशांच्या ‘एलिएनेशन ऑफिस’च्या ताब्यात होते. इनामे आणि वतने यांचे दावे त्या कागदांवर ठरत, म्हणून सरकार ते सहजासहजी कोणाला दाखवत नसे. अखेर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागद ४५ भागांत प्रसिद्ध झाले. १९३० पासून चार-पाच वर्षांत उरकलेले हे काम थक्क करणारे आहे, आणि मराठ्यांच्या इतिहासाचे कितीतरी लेखन त्यावर उभे आहे. पण निवडीचे निकष राजकीय घडामोडींकडे झुकलेले होते. खेडे, बाजारभाव, बलुतेदार, स्त्रिया यांविषयीचे असंख्य कागद रुमालांतच राहिले आणि पुढच्या पिढ्यांतील अभ्यासकांना ते नव्याने उलगडावे लागले.

फरक असा की सरदेसाईंनी निवड केली हे सर्वांना माहीत होते. ग्रंथमालेच्या नावातच ती होती, आणि उरलेले रुमाल जागेवर होते. यंत्राच्या निवडीवर असे लेबल आपोआप लागत नाही. शोधाच्या चौकटीत शब्द घातला, दहा निकाल आले, की ‘एवढेच आहे’ असे वाटू लागते. अंकीकरण झाले म्हणून मूळ कागद रद्दीत गेला, तर चूक दुरुस्त करण्याचा मार्गही बंद होतो.

गोपनीयतेचा धोका याहून वेगळा आणि अधिक उघड आहे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने टाळण्याची सूचना दिली. सरकारी कागद बाहेरच्या यंत्रणेत जाऊ नयेत, हे कारण होते. हा धोका बंदीने आवरता येतो. चुकलेल्या नोंदीचा धोका बंदीने आवरत नाही, कारण बंदी घातली तर कोट्यवधी मोडी पाने वाचणारे कोणीच उरत नाही. न वाचलेले दप्तर हीदेखील वगळणूकच आहे, आणि ती आज प्रत्यक्ष चालू आहे.

जुन्या शिस्ती, नवे वाचन

सरकारी कागद वाचणाऱ्या यंत्राकडून काय मागावे, याची बरीचशी यादी या इतिहासातच आहे. पुराभिलेखतज्ज्ञाप्रमाणे त्याने संशयित अक्षर कंसात दाखवावे आणि नष्ट अक्षराची जागा मोकळी ठेवावी. भरून काढू नये. कंगल्यांच्या आवृत्तीप्रमाणे दुसरा संभाव्य पाठ सोबत द्यावा. प्रत्येक उत्तरापासून मूळ पानाच्या प्रतिमेतील त्या ओळीपर्यंत एका पायरीत जाता यावे, जसे छापील पाठापासून ठशापर्यंत जाता येते. निकालासोबत परीक्षेचा आकार आणि अनिश्चितता यावी.

अक्षपटलातील एक नियमही येथे कामी येतो. वह्या घेऊन आलेल्या हिशेबनीसांना एकमेकांशी बोलू न देण्यामागचे कारण उघड आहे. दोघांचे आकडे स्वतंत्रपणे जुळले तरच त्या जुळण्याला किंमत असते. आज अनेक ठिकाणी यंत्राचे वाचन आधी पडद्यावर दाखवून मग माणसाला ‘बरोबर आहे ना?’ असे विचारतात. अशा वेळी माणसाची नजर यंत्राने सुचवलेल्या शब्दाकडे वळते आणि दोन वाचनांचे एकच वाचन होते. परीक्षेच्या पानांवर तरी जाणकाराने यंत्राचे उत्तर न पाहता वाचावे.

यासाठी जाणकार लागतात. मोडी, ग्रंथ, हळेगन्नड, फारसी शिकस्ता वाचणारी नवी पिढी तयार झाली नाही, तर यंत्राला शिकवणारे आणि त्याची परीक्षा घेणारे दोन्ही संपतील. त्यानंतर यंत्र जे सांगेल ते तपासण्याचे साधनच हाती राहणार नाही. विद्यार्थ्यांसाठी यात संधी आहे: मोडी येणारा संगणकशास्त्राचा पदवीधर किंवा संभाव्यताशास्त्र येणारा इतिहासाचा विद्यार्थी आज दुर्मीळ आहे, आणि दोघांचीही गरज आहे.

१९०५ मध्ये ती पोथी आली, तेव्हा म्हैसूरच्या ग्रंथालयात ग्रंथ लिपी वाचू शकणारा ग्रंथपाल टेबलापाशी बसलेला होता. तो नसता तर ताडपत्रे नोंदवहीत चढली असती, एखाद्या कपाटात व्यवस्थित राहिली असती आणि सूचीत त्यांच्यापुढे ‘संस्कृत, विषय अज्ञात’ एवढेच लिहिले गेले असते.